पहिलं पाणी

माझी आई चर्चची कापडं धुवायची. पोटासाठी ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करायची, हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे पडदे, हॉलचे टेबलक्लॉथ. आणि देवासाठी चर्चची. आमच्या भागात सगळे तिला इस्त्रीमावशी म्हणायचे. फादरसुद्धा.

चर्चच्या कापडांचे नियम वेगळे असतात. वेदीवरच्या लांब कापडाला कडक स्टार्च लागतो, पण मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर ज्या रुमालानं प्याला पुसतात त्याला स्टार्चचा थेंबही चालत नाही, कारण त्यानं ओल टिपायची असते. त्या रुमालाला द्राक्षारस लागलेला असतो, आणि आमच्या श्रद्धेप्रमाणे तो नुसता द्राक्षारस नसतो, प्रभूचं रक्त असतं. म्हणून ते रुमाल आधी साध्या गार पाण्यात भिजवायचे आणि ते पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. ते मातीत जायला हवं. चर्चच्या मागच्या अंगणात गुलाबाची झाडं होती. आई ते पाणी त्यांच्या मुळाशी घालायची आणि घालताना काहीतरी पुटपुटायची. लहान असताना मी एकदा विचारलं, काय म्हणतेस? तर म्हणाली, "काही नाही गं. सांभाळून जा म्हणते."

वडील मी शाळेत असतानाच गेले. दादा माझ्याहून बराच मोठा. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला आणि घर उभं राहिलं, हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याचा आवाज फार सुरेख. रविवारच्या मिस्सेत बायबलमधलं पहिलं वाचन तोच करायचा. तो स्टँडपाशी उभा राहिला की चर्चमधला खोकलासुद्धा थांबायचा. आई पहिल्या बाकावर मान जराशी वळवून, उजवा कान पुढे करून बसायची. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात कान गेला, असं तिनं आम्हाला सांगितलं होतं. त्या कानामुळे तिला स्वतःच्या आवाजाचा अंदाज नसे. ती कानात कुजबुजली की ते चौथ्या बाकापर्यंत पोचायचं. शेजारणीच्या टोपीबद्दल तिनं एकदा जे 'हळूच' सांगितलं, त्यावर शेजारीण पुढे कितीतरी दिवस आमच्याशी बोलत नव्हती.

मग वहिनी आली. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर मापं पाठवायचे आणि ती मेणात, प्लॅस्टरमध्ये, मग पक्क्या मालात दात घडवायची. हातात सतत एक लहानशी कोरणी, आणि बोलायला तिखट. माणसं तिला चेहऱ्यानं लक्षात राहत नसत, दातांनी राहत. "तुझा तो मित्र आला होता, वरचे दोन पुढे असलेला," असं ती दादाला सांगायची. आईला पहिल्याच दिवशी म्हणाली, "आई, तुमचे खालचे दात इतके सरळ आहेत, तुम्ही त्यांना पण इस्त्री करता का?" आई हसून हसून खुर्चीत बसली. आईला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या दोघांच्या लग्नानंतर लवकरच मला दुसऱ्या शहरात एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली. महिन्याकाठी घरी यायचे. त्यामुळे पुढचं काही मी डोळ्यांनी पाहिलं आणि काही आई आणि वहिनीनं मला सांगितलं. दोघी वेगवेगळं सांगतात, पण मुद्द्याच्या गोष्टींवर दोघींचं एकमत आहे.

एका सोमवारी, आईच्या सुट्टीच्या दिवशी, घरची धुणी काढताना तिच्या हाती वहिनीच्या उशीचा अभ्रा आला. कडेला तपकिरी डाग. आईनं आयुष्यभर डाग पाहिलेले. चहाचा, गंजाचा, औषधाचा, ती लांबूनच ओळखायची. तिनं वहिनीला हाक मारली.

"हे गरम पाण्यात घातलंस ना? रक्ताला गार पाणी लागतं. गरम पाण्यानं डाग पक्का होतो."

"हिरडीतून आलं असेल, आई."

"तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड म्हणते ना."

वहिनीनं तोंड उघडलं. वरचे पुढचे दात नेहमीसारखेच होते. पण त्यांतल्या एकाच्या मागे बारीक तार आईला दिसली. तिनं बोट लावून पाहिलं, दात पातळ पट्टीसकट सुटून हातात आला, आणि तिथे हिरडीवर जखम होती, सुकत आलेली.

"कुणी केला हा?"

"मीच. लॅबमध्ये. डबा खायच्या सुट्टीत." मग वहिनी म्हणाली, "रंग जुळला ना, आई?"

आई सांगते, तिनं तो दात उजेडात धरून बाकीच्या दातांशी ताडून पाहिला. रंग अगदी हुबेहूब जुळला होता.

दादा तिला मारायचा त्याचं कारण काय, हे मला पुढे पुष्कळांनी विचारलं. कारणं होती. जेवण वाढायला उशीर झाला. लॅबमधल्या कुणाशी ती फोनवर हसून बोलली. तिला बढती मिळाली आणि तिनं ती बातमी आधी आईला सांगितली. कारण हवंच असलं की ते घरात कुठेही पडलेलं सापडतं. दादा दारूही पीत नव्हता. शुद्धीत मारायचा, आणि आई लाँड्रीत असतानाच.

आईनं त्या दिवशी दादाला काही विचारलं नाही. तिला एकच औषध ठाऊक होतं आणि तिनं तेच काढलं. संध्याकाळी दिवा लावून मरियामातेच्या तसबिरीपुढे ती वहिनीला घेऊन रोझरीला, जपमाळेला, बसू लागली. दादाला सुबुद्धी मिळावी म्हणून. आमच्या वडिलांसाठीही तिनं अशीच माळ ओढली होती, त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत. वहिनी चुपचाप बसायची. तीही श्रद्धाळूच होती. कामाला निघताना चर्चच्या दारात थांबून क्रूसाची खूण केल्याशिवाय ती बस पकडत नसे. कधी दादाही त्यांच्या शेजारी येऊन गुडघे टेकायचा आणि त्याच्या त्या सुरेख आवाजात 'नमो मरिया' म्हणायचा. वहिनी म्हणते, सगळ्यांत अवघड त्या संध्याकाळी गेल्या.

दरम्यान वहिनी एकदा फादरकडेही जाऊन आली होती. आमचे फादर म्हातारे, मायाळू. आजाऱ्यांच्या घरी छत्री घेऊन चालत जाणारे. त्यांनी तिचं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "धीर धर, मुली. प्रत्येकाला आपापला क्रूस असतो. तू प्रार्थना कर, मी त्याच्याशी बोलतो." बोलले असतील. दादा तेवढा आठवडा गप्प होता.

मग एका गुरुवारी त्यानं तिला कपाटाच्या कडेवर ढकललं. भुवईच्या वर फुटलं. वहिनीनं टॉवेल दाबून धरला, शेजारच्या दवाखान्यात जाऊन टाके घालून घेतले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. आईला म्हणाली, कपाटाचं दार उघडं राहिलं होतं. रक्तानं भरलेला टॉवेल तिला मोरीतल्या बादलीमागे सापडला, कोपऱ्यात कोंबलेला.

शुक्रवारी रोझरीत दुःखाची रहस्यं म्हणतात, येशूच्या छळाचे पाच प्रसंग, प्रत्येकाला दहा मण्यांचं एक दशक. पहिलं दशक झालं. दुसरं रहस्य, येशूला खांबाला बांधून फटके मारतात ते. आईनं ते म्हटलं आणि माळेचा मणी पुढे ओढणार, एवढ्यात वहिनी म्हणाली, "आई, हे दशक कुणासाठी?"

"त्याच्यासाठीच. त्याला देवानं सुबुद्धी द्यावी म्हणून."

"यात फटके कोण खातंय?"

"प्रभू."

"आणि मारतंय कोण?"

"शिपाई."

"म्हणजे इतके दिवस आपण शिपायासाठी प्रार्थना करतोय." वहिनीच्या आवाजात राग नव्हता. "करू या, माझी ना नाही. पण खांबाला बांधलाय त्याला आधी सोडवायला नको का कुणी?"

आई पुढे म्हणू लागली. माळ अर्धी टाकणं तिच्या रक्तात नव्हतं. पाचही दशकं तिनं पूर्ण केली, तसबिरीचं चुंबन घेतलं आणि मग भिंतीला टेकून बसून राहिली. वहिनीनं दोनदा जेवायला हाक मारली, ती उठली नाही.

शनिवारी सकाळी मी घरी पोचले तेव्हा आई लाँड्रीत रजा सांगून दारातच चपला घालत होती. "चल माझ्याबरोबर," म्हणाली. ना कशी आहेस, ना चहा. चर्चच्या कापडांची टोपली माझ्या हातात दिली. टोपलीत सगळ्यांत वर घरचा निळा टॉवेल होता. मी विचारायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून मिटलं. रस्त्यात तिनंच सगळं सांगितलं. तिच्या नेहमीच्या 'हळू' आवाजात. भाजीवाला, पेपरवाला आणि बसस्टॉपवरची माणसं, सगळ्यांनी ऐकलं असणार. तिला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

वेदीमागच्या खोलीत, जिथे फादर मिस्सेचा झगा चढवतात, तिथे कोपऱ्यात कापडांसाठी एक पांढरी बादली ठेवलेली असे. तिच्यात दुसरं काहीही बुडवायचं नाही असा आईचाच दंडक. तिनं आधी प्याल्याचे रुमाल धुतले, ते पाणी गुलाबांना घालून आली. मग त्याच बादलीत गार पाणी घेतलं आणि तिच्यात तो निळा टॉवेल बुडवला. पाणी गुलाबी झालं, मग लाल. ती टॉवेल हलक्या हातानं चोळत राहिली. मग बादली उचलून अंगणात निघाली.

फादर दारातच उभे होते. ते कधी आले आम्हाला कळलंच नाही.

"इस्त्रीमावशी, हा टॉवेल चर्चचा नव्हे."

"नाही, फादर. माझ्या सुनेचा."

"मग तो इथे..."

"ज्या हातांनी ते रुमाल धुते त्याच हातांनी हा धुतला. पाणी मोरीत ओतायला हात धजेना." आईनं बादली खाली ठेवली. "तुम्हीच शिकवलंत ना, माणूस देवाच्या रूपाचा म्हणून? मग हे रक्त कुणाचं झालं?"

फादरांनी वाकून बादलीत पाहिलं. मग म्हणाले, "मी तुझ्या मुलाशी बोललो होतो. पुन्हा बोलतो. लग्न हा संस्कार आहे, मावशी. तो मोडू नये म्हणून आपण..."

"मोडला तो. माझ्या मुलानं मोडला. तिनं नाही, मी नाही."

"क्रूसापाशी मरियामाताही उभी राहिली होती. तिनं सोसलं."

"उभी राहिली, फादर, कारण सैनिकांनी तिला पुढे जाऊ दिलं नाही. तिच्या हातात असतं तर तिनं लेकराला खाली उतरवलं नसतं? आई आहे ती. तिच्या हातात नव्हतं. माझ्या हातात आहे. घर माझं आहे, मुलगा माझा आहे, आणि त्या घरात जी लटकतेय तीही माझीच."

मी टोपली छातीशी धरून उभी होते. माझी आई फादरांच्या समोर खुर्चीवरसुद्धा बसत नसे.

"आणि उद्या तो वाचन करणार नाही," आई म्हणाली. "ते पुस्तक ज्या कापडावर असतं ते मी धुते. त्या कापडावर त्याचा हात नको."

"लोक बोलतील, मावशी. तुझ्याबद्दलही बोलतील."

"बोलू देत. मला एकाच कानानं येतं ऐकू. अर्धंच कळेल."

फादरांना हसू आवरलं नाही. मग ते गंभीर झाले. "तो कान तुझा लहानपणी तापात गेला ना?"

"नाही, फादर," आई म्हणाली. "ताप नव्हता."

एवढंच. ती बादली उचलून अंगणात गेली आणि ते पाणी तिनं गुलाबांच्या मुळाशी घातलं, पुटपुटत, जसं नेहमी घालते तसं. मी तिथेच रडायला लागले. माझ्या वडिलांचा हात मला आठवत होता, रुंद, तेलाचा वास असलेला, मला खांद्यावर बसवणारा. तो हात मला त्या क्षणी नव्यानं कळला. फादर माझ्याजवळ आले. त्यांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर आईनं वहिनीला समोर बसवलं. "आता तू सांग. तुला काय हवंय? माहेरी जायचंय तर मी पोचवते. इथे राहायचंय तर इथे. तुझ्या मनात नाही ते मी काहीच करणार नाही."

वहिनीनं विचार करायला वेळ घेतला नाही. तो तिनं आधीच करून ठेवला असावा. "मी कुठे जायचं? लॅब इथे, चर्च इथे, तुम्ही इथे. त्यानं जावं."

"बरं," आई म्हणाली आणि इस्त्रीचा स्विच लावला.

तिनं दादाचे झाडून सगळे शर्ट बाहेर काढले आणि एकेक करून इस्त्री केले. कॉलर, बाह्या, पाठ. पँटींना धारदार घड्या. रुमालसुद्धा. मी म्हटलं, "आई, जाणाऱ्या माणसाचे कपडे इतके काय करतेस?" ती म्हणाली, "माझा मुलगा आहे. चुरगळलेला बाहेर पाठवणार नाही." डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि इस्त्रीवर पडून चुर्र होत होतं, पण हात थांबला नाही. बॅग भरून तिनं दाराशी ठेवली.

दादा दुपारी आला. बॅग बघितली, मला बघितलं, हसला. "कोण निघालं?"

"तू," आई म्हणाली.

त्याला समजायला वेळ लागला. मग तो वहिनीकडे वळला. "काय सांगितलंस तू हिला?"

"तिनं काही सांगितलं नाही. तोंड उघड म्हटलं, तिनं उघडलं."

"आई, हे आमच्या दोघांतलं आहे. तू मध्ये पडू नकोस."

"तुझ्या बाबांच्या वेळी मीही हेच म्हणायचे सगळ्यांना. आमच्या दोघांतलं आहे. म्हणून कुणी मध्ये पडलं नाही. आणि तू त्या दाराआडून बघत होतास, मला माहीत आहे. बघून तू हे शिकशील असं वाटलं नव्हतं मला."

दादाचा चेहरा लाल झाला. तो एक पाऊल पुढे आला, वहिनीच्या दिशेनं. आई जागची हलली नाही. फक्त म्हणाली, "इस्त्री तापलेली आहे." ती इस्त्री तिनं उचललीही नव्हती, टेबलावर उभी होती, वाफ सोडत. पण दादा थांबला. तो आईकडे बघत राहिला, जणू ही बाई त्यानं पूर्वी पाहिलेलीच नाही. मग बॅग उचलून निघून गेला. दार आपटलं नाही त्यानं. उघडंच ठेवून गेला, आणि ते वहिनीनं उठून लावलं.

त्याच दुपारी आम्ही तिघी पोलीस चौकीत गेलो. आईनं चर्चला जायचे कपडे घातले होते. तिथल्या हवालदारानं विचारलं, "तुम्ही मुलीच्या आई का?" तर आई म्हणाली, "मुलाची." त्यानं पेन खाली ठेवलं आणि आम्हाला बसायला खुर्च्या मागवल्या.

रविवारी दादा चर्चमध्ये आला. मित्राकडे उतरला होता. नीट घडीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले, वाचनाला तयार. मिस्सेआधी फादर मागच्या खोलीत आले. आम्ही तिघी तिथेच होतो, आई वेदीचं कापड हातावर घेऊन. फादर सरळ वहिनीपुढे उभे राहिले.

"मुली, मी तुला धीर धर म्हणालो. माझं चुकलं. मी धीर धरायला सांगायला नको होतं, तुझ्या घरी यायला हवं होतं."

वहिनीनं मान हलवली. तिला एवढं पुरेसं होतं की नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

"आज वाचन कोण करेल?" फादरांनी विचारलं, कुणा एकीला उद्देशून नाही.

"मी करते," वहिनी म्हणाली. मग तिनं तोंडात बोट घातलं, तो दात काढला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला.

मी म्हटलं, "अगं, राहू दे ना."

"मी केलेलं काम आहे, उत्तम आहे," ती म्हणाली. "पण आज नको."

ती स्टँडपाशी गेली तेव्हा पहिल्यांदा कुजबुज झाली. कपाळावर टाके, तोंडात खिंडार. तिनं पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. एका संदेष्ट्याच्या ग्रंथातला लांबलचक उतारा होता आणि नेमके त्यात 'स' फार. प्रत्येक 'स'ला फटीतून हवा जाऊन बारीक शीळ वाजायची. एका लहान मुलीनं खिदळायला सुरुवात केली, तिच्या आईनं तिला चिमटा काढला. वहिनी थांबली, त्या मुलीकडे बघून तोंडभर हसली, ते खिंडार सगळ्या चर्चला दाखवत, आणि पुढे वाचू लागली. दादासारखा तिचा आवाज नव्हता. ती अडखळत होती. पण एकही शब्द गाळला नाही तिनं. वाचन संपवून ती खाली आली तेव्हा पहिल्या बाकावरच्या आईची मान एवढी ताठ होती, मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. दादा वाचायचा तेव्हाही नाही.

पुढे मिस्सेत शांतीच्या अभिवादनाची वेळ आली. फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, आणि सगळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना हात देतात. दादा आपल्या बाकावरून उठून आमच्याकडे आला. का आला मला ठाऊक नाही. लोकांना दाखवायला असेल, किंवा खरंच आला असेल. त्यानं आईपुढे हात केला.

आईनं हात दिला नाही. ती त्याच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली. तिच्या मते ती कुजबुजली.

"मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करीन. मरेपर्यंत करीन. पण शांती हवी असेल तर ती तुला हिच्याकडे मागावी लागेल. आणि ती देईलच असं नाही. तिची मर्जी."

अख्ख्या चर्चनं ऐकलं. शेवटच्या बाकावरच्या दरवान काकांनीसुद्धा. त्यांनीच मला नंतर शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. दादा तसाच उलट पावली गेला, बाकांमधल्या वाटेनं सरळ दाराबाहेर. तेवढ्यात आमच्या मागच्या बाकावरची टोपीवाली शेजारीण, तीच जी आईशी बोलत नव्हती, पुढे आली. तिनं वहिनीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "प्रभूची शांती." मग दुसरी आली. मग गाणाऱ्यांमधल्या दोघी खाली उतरल्या. फादर वेदीपाशी थांबून राहिले. त्या दिवशी मिस्सा बरीच लांबली, आणि घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.

सगळं त्या एका रविवारी सुरळीत झालं असं नाही. काही लोकांनी आईच्या तोंडावर सांगितलं की बाईनं स्वतःच्या पोटच्या मुलाला वेशीवर टांगलं. लाँड्रीतली एक मैत्रीण तुटली ती तुटलीच. दादा फोन करून कधी शिव्या द्यायचा, कधी रडायचा. आई त्याला चर्चच्या फाटकापाशी भेटायची, त्याचं ऐकून घ्यायची, घरात घ्यायची नाही. रोझरी चालूच होती. त्यातलं एक दशक आई त्याच्यासाठी म्हणायची. तेवढं दशक वहिनी गप्प बसायची, किंवा उठून खिडकीपाशी जायची, आणि पुढचं सुरू झालं की परत येऊन सूर मिळवायची. आईनं तिला त्याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही. मला विचाराल तर त्या घरातली सगळ्यात मोठी प्रार्थना ती गप्प राहण्याची जागा होती.

केस उभी राहिली तेव्हा मी रजा घेऊन आले. आईनं सकाळपासून उपास धरला होता. कोर्टाच्या खोलीत मागचे सगळे बाक आमच्या चर्चच्या बायकांनी भरलेले. टोपीवाली शेजारीण तर नवी टोपी घालून आली होती. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "ह्या सगळ्या कोण?"

"घरच्या," आई म्हणाली.

दादाचा वकील तरुण होता, चुणचुणीत. "तुम्ही या माणसाची जन्मदाती आई. आणि त्याच्याविरुद्ध साक्ष देता?"

"मी खरं सांगते आहे. ते त्याच्याविरुद्ध जात असेल तर त्याचा विचार त्यानं करायचा होता."

"तुम्ही तर रोज चर्चला जाता म्हणे. तुमचा धर्म क्षमा करायला सांगतो ना?"

"सांगतो. ज्याला मार बसला त्यानं करायची असते ती. मी तिच्या वतीनं क्षमा वाटत फिरले तर तो माझा उद्धटपणा होईल."

न्यायाधीश बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. दादा आईकडे बघत नव्हता. आई मात्र त्याच्याकडे बघत होती, अगदी शेवटपर्यंत. आदेश निघाला, त्यानं त्या घरात पाय ठेवायचा नाही, वहिनीच्या कामाच्या ठिकाणीही जायचं नाही. तो ऐकून त्यानं डोळे पुसले. आईनं तिचे पुसले नाहीत, वाहू दिले.

बाहेर आल्यावर बायकांनी आईला गराडा घातला. तिला पाणी पाजलं, कुणी पाव आणला होता तो खायला लावला. ती दोन घास खाऊन म्हणाली, "पुरे. घरी जाऊ. चादरी भिजत घातल्यात." मग आम्ही तिघी बसमध्ये चढलो. खिडकीशी आई, तिच्या शेजारी वहिनी, समोर मी. बस पहिल्या वळणावर वळली नाही तोच आईची मान वहिनीच्या खांद्यावर पडली. तोंड उघडं, आणि मंद घोरणं सुरू. वहिनीनं पदरानं तिच्या कपाळावरचा घाम टिपला आणि खांदा जराही न हलवता बाहेर बघत राहिली.

आमचा स्टॉप आला. मी उठायला लागले, तर वहिनीनं नजरेनंच मला खाली बसवलं. स्टॉप गेला. पुढचाही गेला. मी त्या दोघींकडे बघत होते आणि बसमधल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं, ही माझी आई, आणि ही माझी वहिनी.